निसर्गरम्य गाव कुणाचं?

आठवणी लिहिणाऱ्यांचं बालपणीचं गाव हमखास निसर्गरम्य असतं (दुष्काळी भागातल्यांचंही!). ओढा, आमराई, चुलीचा धूर. पाणवठ्यावर कुणाला मज्जाव होता, ते गाळलेलं. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) महारवाड्यातून गाव दाखवलं, आनंद यादवांच्या 'झोंबी'ने (१९८७) शेतात राबणाऱ्या पोराच्या नजरेतून. तिथली माती पायाला लागते.

मी मोहल्ल्यातला, म्हणून विचारतो: आमचं काय? मुलाणी येतो बकरं कापायला, आतार कुंकू-बुक्का विकायला, आणि पान उलटलं की गायब. त्यांची घरं कुठे होती? कब्रस्तानाची वाट कुणाच्या बांधावरून जायची? आमच्याकडे पावसाळ्यात जनाजा कमरेएवढ्या पाण्यातून न्यायचे. ओढा तोच, आठवणीत खळाळणारा.