केलर कारंजे आणि त्याखालची वस्ती

अमेरिकेतील पोर्टलँड शहराच्या केलर फाउंटन पार्कमधील पाणी केवळ पाहण्यासाठी नाही, त्यात उतरण्यासाठी आहे. काँक्रीटच्या चौकोनी कड्यांवरून मिनिटाला सुमारे ४९,००० लिटर पाणी कोसळते आणि त्याच कड्यांच्या माथ्यावरील उथळ डोहांत मुले खेळतात. भूदृश्य-रचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन यांनी सिएरा नेव्हाडा पर्वतातील ओढ्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. तरीही त्यांनी नकली खडक रचले नाहीत. काँक्रीट येथे काँक्रीटच दिसते, आणि आधुनिकतावादाचा हा प्रामाणिकपणा आजही मोहवतो.

१९७० साली खुल्या झालेल्या या कारंज्याच्या आराखड्याचे मोठे श्रेय हॅलप्रिन यांच्या कार्यालयातील अँजेला डानाजिएवा यांचे. बल्गेरियात चित्रपटांचे नेपथ्य केलेल्या या रचनाकर्तीचे नाव अनेक वर्णनांत मागेच पडते.

मात्र, ही जागा मोकळी कशी झाली, हे पाणी सांगत नाही. येथे दक्षिण पोर्टलँडची ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांची वस्ती होती: घरे, दुकाने, सिनेगॉग. नगर-नवीकरणाच्या नावाखाली ती मोडकळीस आलेली ठरवली गेली. दीड हजारांहून अधिक माणसे हलवली गेली आणि बुलडोझर फिरले. या कामासाठी १९५८ साली स्थापन झालेल्या विकास आयोगाचे पहिले अध्यक्ष होते आयरा केलर. पुढे कारंज्याला नाव मिळाले ते त्यांचेच!

हॅलप्रिन यांनी एकही घर पाडले नाही, हा बचाव खरा आहे. पण त्यांना मिळालेले मोकळे मैदान त्या पाडकामाचेच फळ होते. अमेरिकेचा ऐतिहासिक वास्तू जतनाचा राष्ट्रीय कायदा आला १९६६ साली, म्हणजे याच उद्यानमालिकेतील लव्हजॉय कारंजे पूर्ण झाले त्याच वर्षी. तोवर वस्ती जमीनदोस्त झाली होती. त्याच कायद्याने उभ्या केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत २०१३ साली ही उद्यानमालिका दाखल झाली.

म्हणून केलर यांचे नाव पुसावे, असे नव्हे. ते राहावे, कारण तो पुरावा आहे. परंतु त्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, वस्तीचाही उल्लेख हवा.

भेट देणाऱ्याने लव्हजॉयपासून सुरुवात करावी. नकाशावरील समोच्च रेषांसारख्या त्याच्या पायऱ्या उतरून, पेटीग्रोव्ह पार्कच्या हिरव्या उंचवट्यांमधून उत्तरेला केलरकडे यावे. या उद्यानांना जोडणाऱ्या पायवाटा जुन्या रस्त्यांच्याच रेषेवर आहेत. वाहने गेली, दारे गेली. रस्त्यांची दिशा तेवढी उरली आहे.