होडी घेताना आधी हात मोजा, मग फूट



आमच्या घरात आजवर दोन होड्या झाल्या. पहिली १९७१ साली, पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी, लाकडाची. दुसरी तीन वर्षांमागे, कॅनडात ओंटारियोमध्ये, ॲल्युमिनियमची. पहिलीने घर खाल्लं. दुसरी मोसमात जवळजवळ दर शनिवारी पाण्यात असते. होडी किती मोठी घ्यावी आणि कोणाकडून घ्यावी यावर माझं एक ठाम मत झालंय, ते या दोन होड्यांवरून. पटलं नाही तर खुशाल भांडा.

आधी पहिलीची गोष्ट. बाबा प्राथमिक शाळेत मराठीचे मास्तर. घरात शेती थोडी, नदी मात्र दारात. बाबा आणि काका संध्याकाळी पाग घेऊन जायचे, शेवटे मिळायचे, कधी तामसो. होडी शेजाऱ्यांची, दोन माणसांची. त्या वर्षांत गोव्यात ट्रॉलर येऊ लागले होते आणि किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच भाषा, आता मोठं काहीतरी करायला हवं. बाबांनी वीस हातांची, म्हणजे तीस फुटांची होडी करायची ठरवली. आमच्या सोप्यावर रोज बसणारे चार मित्र म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त होडी करा. वल्ह्याला आम्ही आहोत."

गावातला मेस्त म्हातारा होता, पण हात चांगला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मास्तर, पावसाच्या आधी ती वर ओढायला कोण?" बाबांना वाटलं, याला एवढं काम झेपत नाही म्हणून खोडा घालतोय. बाहेरगावचा एक मेस्त कमी पैशांत तयार झाला. त्याला उचल दिली. उचलीसाठी आईच्या चारपैकी दोन पाटल्या गेल्या.

होडी झाली, दिसायला झोकदार झाली. सुंभाने शिवलेल्या फळ्या, वर काजूच्या बियांचं तेल, नाळेला हळदकुंकू. पण लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. दुसऱ्या मोसमात फळ्या आखडल्या, सांधे उघडले. मेस्ताला निरोपांवर निरोप गेले, तो काही आला नाही. आणि सोप्यावरचे चार मित्र? एक बोटीवर नोकरीला लागला, एक मडगावला गेला, तिसरा ट्रॉलरवर चढला, चौथ्याची पाठ धरली. ती होडी वाळूवरून वर ओढायला दहा माणसं लागत. आमच्याकडे बाबा, काका आणि आम्ही दोन पोरं. तिसऱ्या पावसाळ्यात ती चुडतांच्या मांडवाखाली गेली ती परत पाण्यात उतरली नाही. पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आईने कधी बोलून दाखवलं नाही. भांडी घासून झाली की मनगटावरून हात फिरवायची, एवढंच.

आता दुसरी. मुलगा पीटरबरोजवळ राहतो. तिथे तळ्यांची माळच आहे, एकातून दुसऱ्यात जायला कालवे आणि पाणी अडवून बोट वरखाली करणारे दरवाजे. पीटरबरोचं लिफ्ट लॉक १९०४ सालचं, अख्खी बोट पाण्यासकट जवळजवळ वीस मीटर उचलतं. मी तासभर उभा राहून पाहिलं. आणि तळ्यावर बघावं तिकडे ॲल्युमिनियमच्या होड्या. आपल्याकडे ॲल्युमिनियम म्हटलं की पातेली आठवतात. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने त्याच पत्र्याच्या छोट्या होड्या काढल्या, आणि मिनेसोटात हॉवर्ड लुंड यांनी १९४८ मध्ये होड्यांचा कारखाना घातला. ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं. दगडावर घासलं तर पोचा येतो, पण लाकडासारखं कुजत नाही. गोड्या पाण्यासाठी सोन्यासारखी वस्तू.

मुलाच्या मनात अठरा फुटी होडी होती, ११५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाची. ऑफिसातले चौघे येणार म्हणे. "बाबा, आम्ही पाच जण, मोठीच बरी." मी मेस्ताचा प्रश्न विचारला, "ओढायला कोण?" तो हसला. इथे ओढायला गाडी असते म्हणाला. मी म्हटलं, मग गाडीला विचार.

गाडीच्या पुस्तकात ओढायची मर्यादा होती सातशे किलोच्या आत. अठरा फुटी होडी, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून बाराशे किलोच्या पुढे. म्हणजे होडी घ्यायची तर गाडीही नवी घ्यायची. विकणाऱ्याच्या फलकावर होडीची किंमत असते, या दुसऱ्या खरेदीची नसते. आमच्या वीस हातांच्या होडीलाही दहा माणसं लागतील हे उचल घेताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त म्हाताऱ्या मेस्ताने, आणि त्याचं ऐकलं नाही.

तेव्हा माझं पहिलं मत असं. होडीचा आकार 'किती जण येईन म्हणतात' यावर ठरवू नये, 'न बोलावता किती जण येतात' यावर ठरवावा. मुलाला म्हटलं, गेल्या वर्षी भाड्याच्या होडीवर कितीदा गेलास आणि बरोबर कोण होतं ते आठव. सहा वेळा गेला होता. चारदा तो, सूनबाई आणि नात. दोनदा एक पंजाबी मित्र. पाच जण एकदाही नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्याच्या घराजवळचं राइस लेक उथळ आहे, शेवाळ-गवताने भरलेलं. तिथे सपाट तळाची होडीही चालते. पण तासाभरावरचं सिमको तळं सातशे चौरस किलोमीटरहून मोठं. वारा सुटला की आखूड आणि उभ्या लाटा येतात, सपाट तळ त्यावर नुसता आपटतो. तिथे तळाला इंग्रजी व्हीसारखी धार हवी आणि बाजू उंच हव्यात. लोक लांबी विचारतात. मी म्हणतो रुंदी आणि बाजूची उंची आधी विचारा. माणूस उभा राहून मासा ओढतो तेव्हा होडी लांबीमुळे सावरत नाही, रुंदीमुळे सावरते.

माणसांचा एक ठोकताळा अमेरिकेच्या तटरक्षक दलाने सांगितलेला आहे, वीस फुटांच्या आतल्या साध्या होड्यांसाठी. लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. सोळा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद तर ब्याण्णव भागिले पंधरा, म्हणजे सहा माणसं. पण ती सहा माणसं सुमारे अडुसष्ट किलोंची, शांत पाण्यात, नीट बसलेली. आपल्या घरातले काका-मामा त्या मापाचे नसतात हे आपण जाणतो. त्यात गळाच्या काठ्या, बर्फाची पेटी, जेवणाचा डबा. म्हणून मी म्हणतो, कागदावर सहा तर मासेमारीला तीन, फार तर चार. कॅनडात छोट्या होडीवर माणसं, एकूण वजन आणि इंजिन किती चालेल याची पट्टी लावलेली असते. जुनी होडी घेताना ती पट्टी नसेल तर पुढे बोलूच नये.

याचा अर्थ लहान तेवढं बरं, असा नाही. बारा फुटी स्वस्त मिळत होती, तिला मीच नको म्हटलं. मे महिन्यात आम्ही भाड्याच्या होडीने सिमकोवर गेलो होतो. सकाळी आरसा, अकराला वारा. काठापासून फार दूर नव्हतो तरी नात भिजली आणि मुलाचे ओठ घट्ट मिटले. मेमधलं तिथलं पाणी बर्फाचं नुकतं झालेलं असतं, पडलेला माणूस पोहता येत असूनही काही मिनिटांत गारठून हातपाय हलवेनासा होतो. लाइफ जॅकेट पेटीत नको, अंगात हवं, हे तिथे कळलं. मोठ्या तळ्यावर दर आठवड्याला जाणारा असेल, चार माणसं खरोखर येत असतील, ओढायला दणकट गाडी असेल, तर त्याने अठरा फूट जरूर घ्यावी. मुलगा आजही कधी म्हणतो, अठरा असती तर आज गेलो असतो. खरंय. ते दिवस गेले. पण असे दिवस मोजले तर हाताच्या बोटांवर येतात.

शेवटी घेतली सोळा फुटी, उघडी, मागे बसून हाताने चालवायची, २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. दहा वर्षं जुनी. दहा हॉर्सपॉवर आणि वर असलं की होडीला नंबर काढावा लागतो, आणि चालवणाऱ्याकडे परीक्षा दिलेलं कार्ड लागतं. ते त्याने आधीच काढलं होतं.

आता बांधणाऱ्याचं. तिकडे लोक दोन गटांत भांडतात, रिव्हेट की वेल्डिंग. लुंडच्या होड्या बहुतेक रिव्हेटच्या, क्रेस्टलाइनरच्या वेल्डिंगच्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच ब्रन्सविक कंपनीच्या, एका घरातल्या दोन जावा. रिव्हेट वर्षांनी सैल होतात, पण ठोकून घट्ट करता येतात. वेल्डिंगची होडी ताठ, सांधा एकसंध, पण तडा गेला तर जाणकार वेल्डरच हवा. मला विचाराल तर हे भांडण दुय्यम आहे. पत्रा किती जाड ते विचारा. दोन मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर यात होडीचं आयुष्य असतं. तिथे जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा लहान तेवढा पत्रा जाड, हे उलटं गणित लक्षात ठेवा.

जुनी होडी ट्रेलरवर असतानाच आत चार बोटं पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं कुठे ठिबकतं. फार भरू नये, पाण्याचं वजन ट्रेलरला पेलत नाही. मागच्या फळीत, जिथे इंजिन टांगतात, आत प्लायवूड असतं आणि ते कुजलेलं बाहेरून दिसत नाही. इंजिन वर-खाली दाबून फळी हलते का पाहायची. आमच्या होडीचे दोन रिव्हेट ठिबकले. विकणाऱ्या दुकानदाराने ते लपवलं नाही, वीस मिनिटांवरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये आमच्यासमोर ठोकून दिले आणि म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा दाखवायला आणा. माझ्या लेखी बांधणारा तिथे ठरला. पाटी कोणाचीही असो, मोसमाच्या मध्यावर होडी गळली तर दार कोणाचं वाजवणार, हे आधी ठरवा. बाबांनी स्वस्त आणि लांबचा मेस्त धरला, तिथेच गाडं अडलं.

आपल्या गोव्यातल्या आणि कोकणातल्या मंडळींसाठी एक वेगळं सांगतो, कारण परदेशात पाहून आलेली मुलं आता इथेही ॲल्युमिनियमची होडी हवी म्हणतात. आपलं पाणी खारं. खाऱ्या पाण्यात साधा पत्रा चालत नाही, ५०८३ किंवा ५०५२ सारखा समुद्री प्रतीचा हवा, तसा कागद मागून घ्या. बुडाला जस्ताचे तुकडे लावावे लागतात, ते आधी झिजतात आणि होडी वाचते. तांबं असलेला रंग बुडाला लावला की पत्रा खाल्लाच म्हणून समजा. आणि ॲल्युमिनियमचं वेल्डिंग आर्गॉन वायूवर होतं, गेट-ग्रिल करणाऱ्याचं ते काम नाही. उलट फायबरची होडी दुरुस्त करणारा आज किनाऱ्यावर हाकेच्या अंतरावर मिळतो. म्हणून नदीत गळ टाकायला माझं मत फायबरलाच. बांधणारा तासाभराच्या आत असेल, तरच ॲल्युमिनियमचा विचार करा.

हे सगळं मुलाला पटलं ते मापांमुळे नाही. धक्क्यावर बसून मी त्याला पहिल्यांदा पाटल्यांची गोष्ट सांगितली. त्याला आजीचा हात आठवत होता, मनगटावरून फिरणारा. त्याला वाटायचं संधिवात असेल. "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांची लाज राखायची म्हणून गप्प राहिलो असेन.

आपण एकमेकांना पूर्वजांचे वाडे, देवळं, सनदा, पदव्या यांच्या गोष्टी सांगतो. फसलेल्या खरेद्या मात्र माळ्यावर टाकतो, आणि पुढची पिढी तीच होडी नव्या पत्र्याची करून बांधायला निघते. तुमच्या घरात अशी एखादी होडी, गिरणी, ट्रक, प्लॉट असेल, तर मुलांना सांगा. जमलं तर इथे खालीही लिहा. नावं नकोत, फक्त काय मोजायचं राहिलं होतं तेवढं लिहा.