दोन मते, एक शहर

वाचकहो, लोकसभेची निवडणूक आली की घराघरांत चर्चा रंगते. महानगरपालिकेच्या निवडणुकीत मात्र पुष्कळजण "कोणी का निवडून येईना!" असे म्हणून मोकळे होतात. वास्तविक नळाला पाणी किती वेळ यावे, गल्लीतला कचरा कोणी उचलावा, कोपऱ्यावरचा दिवा का विझलेला आहे, या प्रश्नांचा निकाल दिल्लीत लागत नाही. तो आपल्याच शहराच्या पालिकेत लागतो.

जबलपूरचेच उदाहरण घ्या. १९५६ पर्यंत या शहराचा राज्यकारभार नागपूरहून चाले. त्यामुळे मराठी वाचकांना ते परके नाही. येथील नगरपालिका १८६४ सालची. १९२३ मध्ये येथील नगरभवनावर राष्ट्रीय निशाण फडकविण्यास इंग्रज अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा पंडित सुंदरलाल, सुभद्राकुमारी चौहान प्रभृती मंडळी सत्याग्रहास उभी राहिली. पुढे तोच झेंडा सत्याग्रह नागपुरात गाजला. आपल्या शहराच्या वास्तूवर अधिकार कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न होता.

१९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्या काळी नगरसेवकच महापौर निवडीत. कवी भवानीप्रसाद तिवारी अशा रीतीने अनेकदा त्या पदावर आले. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात महापौर थेट जनतेने निवडण्याची पद्धत आली. याच पद्धतीने २०१५ मध्ये डॉ. स्वाती गोडबोले जबलपूरच्या महापौर झाल्या. २०१९ मध्ये ही पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये महानगरपालिकांपुरती पुन्हा लागू झाली.

थेट निवडणुकीत मतदार दोन मते देतो: एक महापौरासाठी, दुसरे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासाठी. तिकडे त्याला पार्षद म्हणतात. महापौर नगरसेवकांतून आपले कारभारी मंडळ निवडतो; अंदाजपत्रकाला मंजुरी मात्र सभागृहाची लागते. ६ जुलै २०२२ च्या मतदानात जबलपूरकरांनी काँग्रेसचे जगतबहादुर सिंह यांना महापौर केले आणि सभागृहात बहुमत भाजपला दिले. एकाने काम करावे, दुसऱ्याने त्याला जाब विचारावा, असा या कौलाचा अर्थ लावता येईल. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये महापौरांनीच भाजपमध्ये प्रवेश केला. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीतील पक्षांतरबंदी संसद आणि विधिमंडळे यांनाच लागू आहे. हे योग्य की अयोग्य, हे वाचकांनी आपल्या मनाशी ठरवावे. मत देताना माणूस पाहावा की पक्ष, या जुन्या प्रश्नाला मात्र त्यामुळे नवे वजन आले आहे.

याहूनही गंभीर गोष्ट आहे ती निवडणूकच न होण्याची. पालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी, असे संविधान सांगते. तरीही २०२० मध्ये मुदत संपल्यावर जबलपुरात दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे निवडणूक जाहीर झाली. मुंबईतही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकच होता. प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी तो नागरिकांच्या मताने आलेला नसतो, आणि त्यांच्या मताने जातही नाही. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन गृहिणीने हक्काने ज्याच्या दारी जावे, असा माणूसच त्या काळात उरत नाही.

म्हणून वाचकहो, आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांना एक साधा प्रश्न विचारून पाहा: आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण? नाव कोणालाच सांगता आले नाही, तर उद्या ते शोधून काढा, त्याला भेटा आणि प्रभागासाठी यंदा किती पैसा मंजूर झाला, हे विचारा. मतदार यादीत आपले आणि घरातल्या नव्या मतदाराचे नाव आहे ना, हेही पाहून ठेवा. निवडणुकीची घोषणा झाल्यावर या कामाला फारच थोडे दिवस उरतात.