सुगंधाचा ताळेबंद

फुलांचा सुगंध घरी काढता येतो का, असा प्रश्न अनेक गृहिणींच्या मनात असतो. उत्तर होकारार्थी आहे. मात्र कोणत्या फुलातून काय आणि किती मिळते, हे आधी जाणून घ्यावे. व्यापारी कुटुंबांना हे ज्ञान घरात जितके उपयोगी, तितकेच बाजारातही.

गुलाबाचा सुगंध उष्णतेने सुटतो. पुष्पगुच्छातील लांब देठाचा गुलाब यासाठी निरुपयोगी. त्याला वास बेताचाच आणि त्यावर औषधांची फवारणी झालेली असण्याचा संभव. सुवासिक देशी गुलाब ऊन चढण्यापूर्वी खुडावा. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी घालून तिच्यावर दुसरी रिकामी वाटी ठेवावी. भोवती पाकळ्या पसरून त्या जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे. स्टीलचे झाकण मूठ आत येईल असे उलटे ठेवून त्यावर बर्फ ठेवावा. मंद आचेवर वर जाणारी वाफ थंड झाकणाला लागून पाणी होते आणि मुठीवरून वाटीत ठिबकते. हेच गुलाबजल. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतील पाणी सर्वांत सुवासिक असते. पुढे ते फिके पडते. पाकळ्या करपण्यापूर्वी आच बंद करावी. हे पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत वापरावे. कन्नौजचे अत्तरवाले तांब्याच्या ‘देग’ आणि ‘भपक्या’त जे करतात, त्याचे तत्त्व हेच आहे.

मोगऱ्याची प्रकृती वेगळी. उष्णतेने त्याचा नाजूक गंध बिघडतो. उलट कळी खुडल्यानंतरही रात्रभर सुगंध निर्माण करीत राहते. म्हणून तिला तेलाच्या सहवासात ठेवावे. सायंकाळी टपोऱ्या, कोरड्या कळ्या रुंद तोंडाच्या बरणीत घालून त्या बुडतील इतके उग्र वास नसलेले तिळाचे तेल ओतावे. दुसऱ्या दिवशी तेल गाळून त्याच तेलात नव्या कळ्या घालाव्यात. असे सात-आठ वेळा करावे. कळ्यांत पाण्याचा अंश राहिला किंवा जुनी फुले तेलात कुजली, तर सारे तेल खराब होते. उत्तर प्रदेशात तीळ आणि फुले यांचे थर रचून, मग ते सुवासित तीळ घाण्यात गाळण्याची जुनी पद्धत आहे, तेच ‘फुलेल’.

आता हिशेब पाहू. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहाँच्या मातोश्रींना दिले आहे. गुलाबजल तयार करताना भांड्यातील गरम पाण्यावर जमलेला तेलकट तवंग त्यांनी टिपून घेतला होता. तो तवंग किती अल्प असतो, हे आकड्यांवरून कळेल. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे चार हजार किलो फुले लागतात. म्हणजे दहा ग्रॅमला चाळीस किलो. घरच्या शंभर ग्रॅम पाकळ्यांतून फार तर पंचवीस मिलिग्रॅम तेल निघेल. धड एक थेंबही नाही. म्हणून घरी गुलाबजल मिळते, अत्तर मिळत नाही. आणि शंभर रुपयांच्या कुपीवर ‘शुद्ध गुलाब अत्तर’ असे लिहिलेले दिसले, तर चाळीस किलो फुलांची किंमत मनात मांडून पाहावी. पूर्वी अत्तराचा आधार चंदनाचे तेल असे. ते महागल्यावर अनेक ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफीन आले.

आपल्या सुना-लेकी आज घरून लहान उद्योग उभारीत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. सुवासिक तेल वा गुलाबजल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकण्यासाठी बनवायचे असेल, तर आधी उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. लेबलावरही आत जे आहे तेच लिहावे. मोगऱ्याच्या कळ्यांनी सुवासित केलेल्या तेलाला तेलच म्हणावे, ‘अत्तर’ म्हणू नये. त्याने भाव कदाचित कमी येईल. पण पहिली बाटली संपल्यावर गिऱ्हाईक दुसरी मागायला येईल, आणि पेढीचे नाव त्या दुसऱ्या बाटलीवरच चालते.