व्यक्ती तितक्या प्रकृती, आणि गांजाचा ‘एक नंबर’ वाण



कापसाच्या भावाची चर्चा निघाली की सभेच्या मागच्या बाजूने एक आवाज हमखास येतो, “त्यापेक्षा गांजाची परवानगी द्या म्हणावं!” लोक हसतात. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने तसा अर्जच जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. वर्तमानपत्रांनी तो चवीने छापला. पण अर्जामागचे दुखणे कोणी छापले नाही. कोणतेही पीक घेतले तरी पदरात काही पडत नाही, हे ते दुखणे. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

आता त्यात नवी भर पडली आहे. परदेशी वाणांची नावे मोबाईलवरून गावात पोचू लागली आहेत. अमका वाण सगळ्यात जोरदार, तमक्याला सगळ्यात जास्त मागणी. माझे म्हणणे सरळ आहे. सगळ्यांना चांगला असा गांजाचा वाण नाही, आणि असूही शकत नाही. ज्याला हे कळले त्याला ‘एक नंबर बियाणे’ विकणारा फसवू शकणार नाही.

आधी आपल्या ज्वारीकडे पाहू. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. कणसे भरली, पोती वाढली. पण घरात काय झाले? हायब्रीड बाजारात गेली आणि भाकरीसाठी मालदांडी राहिली. खानदेशातल्या माणसाला दादरच गोड लागते. ज्याच्या दावणीला चार जनावरे तो दाण्याआधी कडबा बघतो, ज्याला हुरडा विकायचा तो कोवळ्या दाण्याची गोडी बघतो. वाण तेच, पण गरज वेगळी म्हणून निवड वेगळी. एकरी उतारा मोजणाऱ्या तज्ज्ञांना हे समजायला फार वर्षे लागली.

गांजाच्या बाबतीत गरजेखेरीज आणखी एक गोष्ट आड येते. ती म्हणजे घेणाऱ्याचे शरीर.

त्याच १९६४ साली इस्रायलमधल्या गाओनी आणि मेशुलाम या शास्त्रज्ञांनी या झाडातला नशा आणणारा मुख्य घटक वेगळा करून ओळखला. त्याला टीएचसी म्हणतात. दुसरा मोठा घटक सीबीडी, त्याने तशी नशा येत नाही. या दोहोंचे आपसातले प्रमाण मुख्यतः बियाण्याच्या अनुवंशावर ठरते. पण एकूण किती उतरेल हे हवा, पाणी, जमीन आणि काढणीची वेळ यांवर जाते. शिवाय लिंबासारखा, मिऱ्यासारखा वास देणारी निरनिराळी द्रव्ये असतात. म्हणजे झाडातच इतका फरक.

आता माणसातला फरक बघा. आपल्या मेंदूत या द्रव्यांना जागा देणारी केंद्रे असतात. ती काही गांजासाठी बनलेली नाहीत, शरीर स्वतःच तिथे बसणारे एक द्रव्य तयार करते. ते १९९२ साली सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव ठेवले आनंदामाइड. ही केंद्रे आणि हे द्रव्य सगळ्यांत सारखे काम करीत नाहीत. टीएचसीचा निचरा यकृत करते, आणि काही जणांत ते काम करणारे विकर जन्मतःच मंद असते. अशा माणसाला दुसऱ्याचा निम्मा डोसही जड जातो. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेली भांग उशिरा चढते आणि फार वेळ राहते, कारण यकृतात टीएचसीचे रूपांतर होऊन आणखी एक तीव्र द्रव्य बनते. रोज घेणाऱ्याच्या मेंदूतली केंद्रे बोथट होतात, म्हणून त्याला जे फिके वाटते त्याने नवखा माणूस घाबरून जातो. मन:स्थिती आणि सोबतही धरा. एकाला हसू येते, दुसऱ्याच्या छातीत धडधड होते, तिसऱ्याला आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे असे वाटते.

इथे एक गोष्ट तरुण पोरांसाठी स्पष्ट सांगितली पाहिजे. कोवळ्या वयात, जोरदार मालाने आणि घरात कोणाला वेडाचा आजार असेल तर, मन बिघडण्याचा धोका खरोखरच वाढतो. “माझ्या मित्राला काही झालं नाही” हा पुरावा नव्हे. मित्राचे शरीर वेगळे आहे.

मग वाणांच्या नावांचे काय? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी गांजाच्या नमुन्यांचा अनुवंश तपासला. एकाच नावाचे नमुने आतून एकसारखे असतीलच असे नाही, असे त्यांना आढळले. आपल्याला यात नवल वाटायला नको. २००२ साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली. त्यानंतर कृषी सेवा केंद्राच्या फळीवर शेकडो नावांची पाकिटे आली. आत जनुक तेच एक किंवा दोन, वर चित्रे आणि नावे मात्र रोज नवी. पाकिटाचे नाव हा विकणाऱ्याचा माल असतो, आणि आतले बी शेतकऱ्याच्या नशिबी येते.

या पिकाचे जुने ज्ञान आपल्या देशात होते. बंगालात नौगाव भागात नर झाडे ओळखून उपटणारा जाणकार असे, त्याला पोद्दार म्हणत. मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला परवान्याने लागवड होई. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, बेताने घेणारा आणि अति करणारा यांत फरक केला, आणि सरसकट बंदी नको असे सुचवले. १९८५ साली दिल्लीत अंमली पदार्थांचा कायदा झाला आणि परवान्याची गांजाशेती संपली.

आज कायदा काय सांगतो ते नीट ध्यानात घ्या. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना निव्वळ पाने किंवा बी त्या व्याख्येत येत नाहीत. पण या आधारावर कोणी फसू नका, कारण झाड लावणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. कलम २० प्रमाणे त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. “तुरीत चारच झाडं होती” म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही. आपल्या जमिनीत बटईदाराने लावली असतील तर खबर देण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदीचा कायदाही लागू आहे.

आता हिशेब मांडा. चोरट्या बाजारात भाव ठरतो गिऱ्हाइकाच्या पसंतीवर, आणि ती पसंती माणसागणिक बदलते हे वर पाहिलेच. ते गिऱ्हाईक शेतकऱ्याला कधी दिसत नाही. त्याची पसंती मधल्याला ठाऊक असते, म्हणून नफा मधल्याचा. शेतात उभे पीक मात्र लपत नाही, म्हणून तुरुंग शेतकऱ्याचा. कापसात दलाल भाव पाडतो, इथे तो माणूसच बुडवतो.

म्हणून लपून लावू नका, आणि उघड मागा. कायद्याच्या कलम १४ मध्ये वाख आणि बियाण्यासाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय आहे. उत्तराखंडने २०१८ साली ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या वाणांसाठी ती वाट उघडली. २०२१ साली भांगेच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. आपल्या कृषी विद्यापीठांनी कोरडवाहू जमिनीत या वाणांच्या चाचण्या घ्याव्यात, उतारा आणि खर्च दोन्ही छापावेत. परका पराग वाऱ्याने येतो, त्यामुळे घरचे बी पुढच्या पिढीत मर्यादेबाहेर जाऊ शकते. त्याची जोखीम कोणाची, हेही आधी लिहून द्यावे. हे आकडे हाती येईपर्यंत कोणत्याही एजंटाला आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि एवढे करूनही हे विसरू नका, वाखाची भांग ही कापसाच्या भावाची भरपाई नाही. दुसऱ्या पिकाची परवानगी जरूर मागू, पण ज्या पिकात आपले आयुष्य गेले त्याचा हक्काचा भाव सोडून नव्हे. तालुक्याच्या बैठकीत हे दोन ठराव वेगवेगळे मांडा, आणि दोन्ही मंजूर करून पाठवा.