खाट नसेल तर कार्ड चालत नाही

समजा, तेलंगणातल्या आदिलाबाद शहरात एका मानसोपचारतज्ज्ञाने ठरवले, की दोन-तीन खोल्या भाड्याने घ्यायच्या, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एक समुपदेशक आणि एक सोशल वर्कर जोडीला घ्यायचा, कुणालाही भरती करायचे नाही. बेला, जैनथ, तामसी, उटनूरकडची माणसे सकाळच्या बसने येतील, बोलतील, औषध घेतील आणि संध्याकाळच्या बसने घरी जातील. कायद्याने या बेतात कसलीच मोठी आडकाठी नाही. पेच आहे तो पैशांचा. या माणसांच्या घरी आरोग्यश्रीचे किंवा आयुष्मानचे कार्ड असले, तरी अशा दवाखान्यात त्याचा कवडीचाही उपयोग नाही.

आधी परवान्याचे पाहू. तेलंगणाने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारला आहे. त्यात खाटा असलेले रुग्णालय येते तसा एका डॉक्टरचा साधा दवाखानाही येतो. अर्ज जिल्हा नोंदणी प्राधिकरणाकडे करायचा. अध्यक्ष कलेक्टर, निमंत्रक जिल्हा आरोग्य अधिकारी. अर्ज आल्यापासून १० दिवसांत तात्पुरती नोंदणी द्यायची आणि तीही आधी कसलीही चौकशी न करता, असे कायदाच म्हणतो. ही नोंदणी वर्षभर चालते. कायम नोंदणी ५ वर्षांची. डॉक्टरची मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी. इंजेक्शनच्या सुया वगैरे निघणार असतील तर जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळाची परवानगी लागते, पण बिनखाटांच्या दवाखान्याला ती एकदाच काढावी लागते.

आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा? तो २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याचा धाक मोठा आहे. पण ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ या त्याच्या व्याख्येत अशीच जागा येते, जिथे रुग्णाला भरती करून ठेवले जाते. नुसत्या बाह्यरुग्ण दवाखान्याला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागत नाही. एक खाट टाकली, एका माणसाला रात्रभर ठेवले, की लगेच ती लागते. पैनगंगा नदीपलीकडे महाराष्ट्रात तर गोष्ट आणखी सोपी. तिथे केंद्राचा कायदा स्वीकारलेला नाही. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा चालतो आणि तो रुग्ण ठेवून घेणाऱ्यांपुरता आहे.

म्हणजे दार उघडे आहे. इतके उघडे, की काळजी वाटावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी सक्तीची. पण ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्याला आजवर कुणी फारसे विचारलेले नाही. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे, समुपदेशक आणि सोशल वर्करही आहेत. पण कायदा होणे आणि जिल्ह्याच्या गावी त्या नावाची वही उघडली जाणे, यांत आपल्याकडे काही वर्षे सहज जातात.

आता पैशांची बाजू.

आरोग्यश्री ही या भागातली सर्वांत ओळखीची सरकारी योजना. अविभाजित आंध्र प्रदेशात १ एप्रिल २००७ ला ती तीन जिल्ह्यांत सुरू झाली. हृदयाची शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात फुकट होऊ शकते, हे गरिबाला तिनेच दाखवले. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाने तिची मर्यादा ५ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ पासूनची; तेलंगणा तिच्यात २०२१ मध्ये आला. दोन्ही योजनांचा पाया एकच आहे: माणूस भरती झाला पाहिजे. आरोग्यश्रीने सुरुवातीला रुग्णालयाकडून किमान ५० खाटा मागितल्या, आयुष्मानने किमान १०. आयुष्मानच्या यादीत मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत, हे खरे. पण त्यांचा हिशेब मुख्यतः भरतीच्या दिवसांवर चालतो. आदिलाबादचा तो दोन-तीन खोल्यांचा दवाखाना अर्जाच्या पहिल्याच रकान्यात बाद होतो.

नैराश्य, चिंतारोग, दारूचे व्यसन, फेफरे, अगदी स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा बराचसा काळ, हे सगळे खाटेवर नव्हे, येण्याजाण्यात सांभाळले जाते. महिन्याला एक खेप, वेळेवर गोळ्या, घरच्यांशी दहा मिनिटे बोलणे. हेच तुटले की माणूस बिघडतो आणि मग भरती करावे लागते; तेव्हा मात्र कार्ड चालते. आजार बळावेपर्यंत थांबा, मग पैसे देऊ, असे म्हणणाऱ्या योजनेला काटकसरी तरी कसे म्हणायचे?

बाह्यरुग्ण उपचाराचे पैसे देणे सरकारला जमत नाही, असेही नाही. १९५४ पासून केंद्र सरकारचे कर्मचारी सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून तेच घेत आले आहेत. २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला ईएसआयच्या दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मिळतात. जमत नाही ते फक्त शेतमजुराच्या बाबतीत.

सरकारी दवाखाना आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे. आदिलाबादचे राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय, ज्याला सगळा जिल्हा ‘रिम्स’ म्हणतो, २००८ पासून उभे आहे. किनवट, पांढरकवड्याकडचे लोकही तिथे येतात, कारण त्यांना नांदेड किंवा यवतमाळपेक्षा तेच जवळ पडते. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. पण एका ओपीडीवर आणि एका फोन क्रमांकावर जिल्हा चालत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. तेलंगणा त्या १२ राज्यांत नव्हता, पण इथे चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार देशात लाखामागे १२.४ आत्महत्या होत्या; तेलंगणात २६ च्या वर.

या जिल्ह्याची दुखणी ठाऊक नसलेला माणूस इथे विरळाच. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कापूस तोच, कर्ज तेच, पावसाची बेभरवशाची चालही तीच. त्यात व्यसनाची भर. २०१५ मध्ये तेलंगणा सरकारने भेसळीच्या ताडीवर छापे घातले, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर भागात सरकारी रुग्णालये अचानक थरथरणाऱ्या, बडबडणाऱ्या माणसांनी भरली. ताडीत अल्प्राझोलम आणि क्लोरल हायड्रेट मिसळले जात होते. ती तुटताच शरीराने बंड केले. छापे घालणारे खाते होते; नंतरचे सहा महिने त्या माणसाला सांभाळणारी व्यवस्था गावाजवळ नव्हती.

भाषेचा प्रश्न तर कागदावर येतच नाही. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या मंडलांत मराठी घरोघर बोलली जाते, उटनूरकडे गोंडी आणि कोलामी, शहरात उर्दू, आणि केसपेपरवर तेलुगू किंवा इंग्रजी. गुडघा दुखतो हे खुणेने सांगता येते. रात्री झोप न लागता काय विचार येतात, हे खुणेने कसे सांगायचे? २०१७ च्या कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिले आहे, की आजार आणि उपचाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळणे हा त्याचा हक्क आहे. पण आज कोणत्याही योजनेत भाषा जाणणाऱ्या माणसाला पॅनलवर घेण्याची अट नाही.

हे काम मोठ्या इमारतीशिवाय होते, याचा पुरावा फार लांब शोधावा लागत नाही. विदर्भातच अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचे, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि पुढे डॉक्टरकडे पाठवायचे. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी केलेल्या कामाचाही लॅन्सेटमध्येच अभ्यास आला आणि त्यातही रुग्ण सुधारले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ होते. नदीच्या अलीकडच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

मग दार सताड उघडून बाह्यरुग्ण दवाखान्यांना सरकारी पैसे द्यावेत का? इथे अमेरिकेकडे पाहणे बरे, कारण त्यांनी नेमके तेच केले आणि चांगलीच ठेच खाल्ली. तिथे १९६५ पासून मेडिकेड ही गरिबांची सरकारी आरोग्य योजना आहे. वर्तन-आरोग्याचा बाह्यरुग्ण दवाखाना काढायचा तर राज्याचा परवाना घ्यायचा, मग मेडिकेडमध्ये सेवादाता म्हणून नाव नोंदवायचे. त्यानंतर प्रत्येक बैठकीचे पैसे मिळतात, खाट असो वा नसो. चांगली कल्पना. पण ॲरिझोना राज्यात मूलनिवासींसाठीच्या योजनेत काही सेवांना ठरलेला दरच नव्हता. दवाखाना जे बिल लावेल त्याच्या प्रमाणात पैसे जात. ही फट हेरून शेकडो दवाखाने उगवले. नवाहो आणि इतर जमातींतल्या व्यसनी माणसांना गाडीत घालून फिनिक्सच्या घरांत आणून ठेवले गेले आणि त्यांच्या नावावर न झालेल्या समुपदेशनाची बिले लागली. मे २०२३ मध्ये राज्याने हा प्रकार जाहीर केला. नुकसान अडीच अब्ज डॉलरच्या आसपास असल्याचे ॲटर्नी जनरलनी सांगितले. संशयितांचे पैसे रोखले, तेव्हा ती घरे बंद पडली आणि माणसे रस्त्यावर आली.

आदिलाबादसारख्या आदिवासी जिल्ह्याने ही हकीकत दोनदा वाचावी. आपल्याकडेही नमुना आहेच. आरोग्यश्रीत गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रियांचा इतका बोभाटा झाला, की ती शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांपुरती मर्यादित करावी लागली. जिथे दर आहे आणि पाहणारा नाही, तिथे बिले कशी वाढतात हे तेलंगणाला कुणी शिकवायला नको. पण गर्भाशयाच्या घोटाळ्याने सरकारने आरोग्यश्री बंद केली नाही. नियम बदलला. मानसिक आरोग्याच्या बाबतीत मात्र घोटाळ्याची भीती दाखवून सुरुवातच टाळायची, हे चालणार नाही.

तेलंगणाला करता येण्यासारखे आहे. आरोग्यश्री ट्रस्ट राज्याचा आहे. त्याची पॅकेजेस राज्यच ठरवते. बाह्यरुग्ण मानसोपचारासाठी वेगळी नोंदणी सुरू करावी, खाटांच्या अटीऐवजी माणसांची अट घालावी: नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात अमुक दिवस प्रत्यक्ष किंवा टेलिमेडिसिनने, नोंदणीकृत मानसतज्ज्ञ किंवा मनोविकार परिचारिका, आणि त्या मंडलाची भाषा बोलणारा एक तरी कार्यकर्ता. पैसे बैठकीगणिक देऊ नयेत. बैठकी कागदावर मोजणे फार सोपे असते. रुग्ण सहा महिने उपचारात टिकला का, औषध सुटले का, यावर ठरलेली रक्कम द्यावी आणि आशाताईने घरी जाऊन खातरजमा करावी. समुपदेशकाची पाटी लावणाऱ्याची नोंद जिल्हा नोंदणी प्राधिकरणाने तपासावी, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. परवाना दहा दिवसांत द्या, पण वर्षाच्या आत एकदा तरी कुणीतरी जाऊन पाहा.

कायद्याचा आधारही आहे. २०१७ च्या कायद्याचे १८ वे कलम म्हणते, की जिल्ह्यात किमान मानसिक आरोग्य सेवा सरकारने दिल्या नसतील, तर रुग्णाला त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घेण्याचा हक्क आहे आणि खर्च सरकारने सोसायचा. मेख एवढीच, की परतफेडीचे कलम ‘आस्थापना’ हा शब्द वापरते आणि आस्थापना म्हणजे पुन्हा खाटा. राज्याने आपल्या नियमांत बाह्यरुग्ण दवाखान्याचा स्पष्ट उल्लेख केला, तर ही मेख निघते.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या कडेला, आता कुमुरम भीम आसिफाबादमध्ये मोडणाऱ्या केरामेरी भागाला लागून, मुकदमगुड्यासारखी डझनभर गावे आहेत. त्यांच्यावर तेलंगणा आणि महाराष्ट्राचा जिवती तालुका, दोघेही हक्क सांगतात. तिथल्या मराठी भाषक कुटुंबांकडे दोन्ही राज्यांचे रेशनकार्ड आहे, मतदानाचे कार्डही. कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला होता. मुकदमगुड्यात तर दोन्ही राज्यांची आरोग्य योजना हक्काने पोचायला हवी. तिथला एखादा माणूस उद्या त्या दोन-तीन खोल्यांच्या दवाखान्यात आला, तर दोन राज्यांपैकी एकाचेही कार्ड त्याची फी भरणार नाही.