गाडी वाजते, ती नेमकी कुठून?

वरवट बकालहून शेगावला निघालेल्या साध्या छोट्या मोटारीत पूर्णेचा पूल येईपर्यंत गप्पा बंद पडतात. मागे बसलेली आजी काहीतरी विचारते, पुढच्याला ऐकू येत नाही, आणि शेवटी सगळे गाणी मोठी करून मोकळे होतात. मग कोणीतरी सल्ला देतं, "भाऊ, अकोल्यात नेऊन पुरी गाडी पॅक करून घे." म्हणजे चारही दारं, टप, डिक्की, खालचा पत्रा, सगळीकडे आवाज दाबणारी शीट. माझं मत विचाराल तर दहा जणांतल्या आठांना या पॅकेजची गरज नसते. त्यांना फक्त आवाज कुठून येतो ते शोधायचं असतं.

शोधायला यंत्र लागत नाही. गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबा; तेव्हाच घुमायला लागली तर इंजिनाकडे किंवा सायलेन्सरच्या रबरांकडे बघा. डांबरावरून सिमेंटवर गेल्याबरोबर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा. वेग वाढला की शिट्टीसारखं काही सुरू होतं आणि शेजारून ट्रक गेला की कमी-जास्त होतं, ते वाऱ्याचं काम. सरळ जाताना घरघर आणि वळणावर ती बदलत असेल तर शीटवाल्याकडे जाऊच नका, चाकाची बेअरिंग दाखवा. तो आवाज दाबण्याचा नाही, ऐकण्याचा आहे.

आमच्याकडे याशिवाय आणखी एक प्रकार आहे, खडखड. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता दोन वर्षांत लाटा धरतो. त्या लाटांवर डिक्कीतला जॅक, पाना, नंबरप्लेट, सीटबेल्टचं बक्कल, प्रत्येक जण आपापला ताल धरतो. जॅक जुन्या गोधडीत गुंडाळणं आणि नंबरप्लेटच्या मागे रबराचा तुकडा सारणं, इतक्यानेही फरक कळतो. खर्च शून्य. म्हणूनच हे काम कोणी दुकानदार सुचवत नाही.

हायवेच्या वेगाला चांगल्या अवस्थेतल्या गाडीत इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतो, आणि तो काय बोलणार हे रस्ता ठरवतो. अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली. तशा डांबरावर गाडी जरा शांत राहते. त्याच गाडीने मेहकरला समृद्धी महामार्ग धरा. सिमेंटच्या पृष्ठभागावर टायरचा सूर चढतो. तेव्हा गाडीला दोष देण्याआधी टायरमधली हवा बघा. जास्त भरलेला टायर दणके आणि आवाज दोन्ही आत पाठवतो, आणि वेडावाकडा झिजलेला टायर कितीही शीट लावली तरी गुणगुणतच राहतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला मान दाराच्या रबराला. कागदाची पट्टी चौकटीवर ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून वारा आणि धूळ दोन्ही आत येतात. क्षेत्रफळाच्या एक टक्का फट उरली तरी बाकीची भिंत कितीही जड असो, आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. नव्या रबराला काहीशे रुपये लागतात, वर धूळ कमी होते ते वेगळंच.

त्यानंतर शीट. स्टीलचं ताट वाजवून काठाला बोट टेकवलं की नाद मरतो, शीटचं काम त्या बोटाचं. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, खाली चिकट ब्युटाइल रबर. दाराचा पत्रा थरथरला की रबर ताणलं जातं आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. म्हणून पत्रा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मढवायची गरज नाही. मधला मोकळा, टणटण वाजणारा भाग, साधारण पाव ते अर्धा, झाकला की पुरतं. बाकी पैसे वाचतात आणि वजनही.

स्वस्तात मिळते म्हणून छताच्या गळतीला लावतात ती डांबराची पट्टी मात्र गाडीत नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, उन्हात उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी तापतो. ते डांबर मऊ पडतं, ओघळतं, आणि वास आठवडाभर सोबत येतो. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे हा तर निव्वळ गैरसमज. दोन्हींत आवाज फारसा शोषला जात नाही.

खरं शोषतं ते मोकळ्या तंतूंचं काही. मोटारींच्या गालिच्याखाली कारखान्यातून येणारा नमदा बऱ्याचदा कापडाच्या चिंध्या पिंजूनच केलेला असतो, त्यात कापूसही असतो. म्हणजे कपाशीच्या मुलखातल्या माणसाने परक्या फोमचं फार कौतुक करायला नको. तंतूंमध्ये हवा घासली जाते आणि वरच्या पट्टीतला सूं-सूं आवाज तिथेच जिरतो. खालच्या पट्टीतली घुमघुम मात्र त्याला जुमानत नाही. पण कापूस गालिच्याखालीच, दारात नको. दारात पावसाचं पाणी उतरतं, कापूस ते धरून ठेवतो, पत्रा गंजतो. शिवाय गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल तर उंदीर घर करतील, त्यांना आयतीच गादी.

एवढं सगळं करून किती फरक पडेल? तीन डेसिबल कमी झाले तर जेमतेम जाणवतं. आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला दहा लागतात, आणि स्वस्त सामानात दहा कोणी कबूल करत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. मोठ्या गाडीची शांतता जाड काचांमधून आणि जड पत्र्यातून येते, ती छोट्या गाडीत चिकटवता येत नाही. मागच्या आजीचा प्रश्न पुढे ऐकू यावा, इतकी अपेक्षा ठेवा.

काम पावसाळा संपल्यावर करा, पत्रा कोरडा आणि कोमट असला की शीट नीट चिकटते. बाजूच्या एअरबॅगा असतील तर आधी कंपनीच्या वर्कशॉपला विचारा, काही गाड्यांचे सेन्सर दारातच असतात. आणि कारागिराच्या शेजारी उभं राहून दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात ती तेवढी बुजू देऊ नका.